आज आप्पांनी माग बंद ठेवला

मंगळवार, दिवेलागण

आमचं सॉफ्टवेअर उद्या सकाळी गिऱ्हाइकाकडं चालू व्हायचंय आणि त्यातली माझी चूक अजून सापडलेली नाही. दुपारी डोकं चालेना म्हणून जरा गेम लावला. जरा कसला, अख्खी दुपार गेली! मजा आली, हे इथं तरी खरं लिहिते.

आप्पांचा जन्म पलीकडच्या खोलीतल्या पॉवरलूमवर गेला. आवाज चालू म्हणजे काम चालू, एवढंच त्यांना ठाऊक. घरून काम करताना मी विचार करत गप्प बसले की दारातून विचारतात, “काम थांबलं काय गं?” आज गेम खेळताना कीबोर्ड इतका वाजत होता की मला त्रास नको म्हणून त्यांनी माग बंद ठेवला. साडी अर्धी मागावर असताना!

चहा देताना म्हणाले, “आज लई काम केलीस बघ.” मी “व्हय” म्हटलं. का म्हटलं?

आता गेम बंद केलाय. ती चूक शोधत स्क्रीनकडं नुसती बघत बसलेय. कीबोर्ड गप्प आहे.

हे लिहितेय तोवर पलीकडं माग सुरू झाला. माझं काम संपलं, असं वाटलं त्यांना.