चावीवाल्याचा विमा

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे खुर्चीतूनच). तुमची कंबर कशी आहे? मामींच्या तुमच्याबद्दलच्या तक्रारी ठणठणीत असतील असं धरून चालतो.

परवा एका करसल्लागार बाईंच्या कपाटाचं कुलूप उघडायला गेलो आणि स्वतःचंच डोकं उघडून घेऊन आलो. बाई (वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, पण चष्म्यातून बघतात ते थेट हाडापर्यंत) म्हणाल्या, मजुरीच्या बदल्यात तुमचा वर्षाचा हिशेब बघून देते. मी ऐटीत खर्च सांगितला: कानशी, पितळ, मशीनचा पट्टा, तेल. त्यावर म्हणतात, "मशीनवर एवढा खर्च, आणि मशीन चालवणाऱ्यावर?" मी म्हटलं, आजारपणाचा विमा आहे, हप्ताही भरतो, पण त्याचा धंद्याशी काय संबंध? तर मामा, स्वतःचा धंदा करणाऱ्याला तो हप्ता उत्पन्नातून वजा करता येतो! माझा, हिचा, दोघांचाही! मी आ वासून बसलो. तुम्ही इतकी वर्षं कानीकपाळी ओरडताय, 'नोकरी धर, आजारपण तरी कंपनी बघेल', आणि कायद्याच्या लेखी मीच माझी कंपनी! एवढ्या अवाढव्य कायद्यात कुणीतरी माझ्या पित्ताशयाचा विचार करून ठेवलाय, या कल्पनेनं मला अक्षरशः गहिवरून आलं. बाईंना तेवढं काही वाटलेलं दिसलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "नफा किती?" वजावट म्हणे नफ्याच्या वर जाऊ शकत नाही. इथे गाडी रुतली. आपल्या गोतावळ्यातलं एकही कुलूप मी आजवर पैसे घेऊन उघडलेलं नाही (आणि आपल्या माणसांइतक्या किल्ल्या जगात कुणी हरवत नाही). मग नफा उरणार कुठून, आणि हप्ता वजा करायचा कशातून? बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मी न लागणाऱ्या दाराकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

मामींना नमस्कार.

तुमचाच भाचा

ता. क. तेव्हा यंदापासून नातेवाइकांनाही बिल. सुरुवात वडीलधाऱ्यांपासून व्हावी म्हणून तुमच्या तिजोरीचं सोबत जोडलंय. (तिची दुसरी किल्ली अजून माझ्याकडे आहे. ही धमकी नव्हे.)

आणखी एक ता. क. बिलाचं राहू द्या. गेल्या आठवड्यात जिना चढताना छातीत कळ आली. हिला बोललो नाही. हप्ता भरलाय, पण डॉक्टरकडे एकट्यानं जायचा धीर होत नाही. पत्र मिळताच याल का? हिला सांगू, तुमची कंबर दाखवायला चाललोय.