पाचव्या मजल्याची वही

३ फेब्रुवारी, सोमवार
शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या इमारतीत आजपासून माझा मुक्काम. पाचवा मजला, दोन हवेशीर खोल्या, भाडं नाही. बदल्यात सहा महिन्यांत इमारतीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहून द्यायचा. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उठल्यापासून हात शिवशिवत होतेच. धाकट्या बहिणीला पत्र टाकलं, रविवारी राहायला ये. नवरा गेल्यापासून एकटी कुढत बसते.

५ फेब्रुवारी, बुधवार
लिफ्टमनकडे शंभर वर्षांच्या वह्या आहेत. कोण किती वाजता वर गेलं, किती वाजता खाली आलं. अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय. झापलं तर म्हणतो, अक्षर माझं नाही. लबाड!

माझ्या आधी चौघे हाच इतिहास लिहायला याच खोल्यांत राहिले. चौघांच्याही शेवटच्या ओळीत ‘वर’ची वेळ आहे, ‘खाली’ कोरं. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, काम अर्धवट टाकून गेले. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

६ फेब्रुवारी, गुरुवार
माळ्यावर चार ट्रंका सापडल्या. कपडे घडी घातलेले, चष्मासुद्धा. चष्मा टाकून कोण जातं? सेक्रेटरी आणि लिफ्टमन, दोघांचं काहीतरी शिजतंय. लिफ्टमनला फैलावर घेतलं. नोंद राहून जाते कधी, एवढंच म्हणाला. मग मी वहीतच लाल शाईने शेरा मारला : नोंदीशिवाय कोणालाही खाली सोडू नये. खाली सही. त्याचं तोंड उतरलं. बाई, पुन्हा विचार करा, म्हणाला. मी म्हटलं, शिस्तीला विचार लागत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
शेरा पाळला जातोय का, ते सकाळी लिफ्टपाशी पाहिलं. येत्या रविवारचं पान आधीच भरलेलं होतं. धाकटीचं नाव. ‘वर’ अकरा वाजता. ‘खाली’ कोरं. ती येणार हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही.

माझ्याही ओळीत कालच्या ‘वर’पुढे काही नाही. खाली ने म्हटलं, तर लिफ्टमन जागचा हलला नाही. नोंदी सकाळी आपोआप झालेल्या असतात म्हणे. तो फक्त वाचतो.

“‘खाली’ची नोंद नसताना त्या चौघांना मीच गुपचूप सोडलं होतं, बाई. विसरलो म्हणून निभावलं. आता तुमचं लेखी आहे.”

८ फेब्रुवारी, शनिवार
जिन्याने उतरले. पाच मजले मोजले. समोर माझंच दार. पुन्हा उतरले — पुन्हा तेच.
टेलिफोन सेक्रेटरींच्या ऑफिसात. तळमजल्यावर.
शेरा खोडायला वही मागितली. वही आता खाली ठेवलीय म्हणाला, आणि खाली —

९ फेब्रुवारी, रविवार
अकराला पाच कमी. ती फाटकाशी आली. खिडकीतून ओरडले, परत जा, परत जा. तिला वाटलं मी बोलावतेय. हसून हात हलवला —
लिफ्टची जाळी वाजली.
तिसरा मजला. तिथूनच हाक मारतेय, ताई, ताई. किती महिन्यांनी आवाजात हसू —
दारातच अडवते. लिफ्टबाहेर पाऊल टाकू नकोस म्हणून सांगते, आधी त्याला —