एकतिसाव्या शतकाच्या बंदुका

६ ऑक्टोबर
स्टुडिओचे मॅनेजर सी उम्गार यांनी आज स्वतः बोलावून घेतलं. परग्रहावरच्या युद्धाचा सिनेमा आलाय. काळ एकतिसावं शतक, जागा आपलं वारझाझातचं नेहमीचं माळरान. हत्यारं मी आणि तूदाने मिळून करायची. शस्त्रागाराचे जुने प्रमुख घरी बसतायत. या सिनेमात ज्याचं काम उजवं ठरेल त्याला ती जागा.
तूदा म्हणजे माझी भाची. कासाब्लांकात शिकून आलीय, लेझरच्या सुरक्षेचं कसलंसं सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय. मी वीसेक वर्षं तलवारींची धार बोथट करतोय. स्पर्धा कसली त्यात! पोरीचं वाईट वाटतं. हाताखाली ठेवून घेईन.

७ ऑक्टोबर, दुपार
तूदाचं म्हणणं, किरणबंदुका रबराच्या ओतू. हलक्या. घोड्यावरून पडल्या तरी कुणाचं डोकं फुटणार नाही. मी हसलो. म्हटलं, प्रेक्षकाला वजन दिसतं बाई. किरणबंदुकीच्या पोटात खरी बंदूकच हवी.
तिने विचारलं, कुठली खरी, मामा?
म्हटलं, निवड चालू आहे.
निवड आजपासून चालू.

९ ऑक्टोबर
निवड पूर्ण. मेव्हण्याची शिकारीची दुनळी नापास: हातात घेतली की माणूस सशाच्या मागे निघाल्यासारखा दिसतो. शिवाय मेव्हणा देत नाही. पिस्तूल नापास: फार बुटकं, आणि असतं पोलिसाकडे.
पास झाली तबुरीदाची, म्हणजे आपल्या जत्रेतल्या घोडेस्वारांच्या खेळाची, ठासणीची बंदूक! माणसाएवढी लांब, चांदीचं काम. परग्रहाची फौज म्हणून तबुरीदाचे स्वारच येणार आहेत. बंदुका आपापल्या घेऊन येतील. एकतिसाव्या शतकात लोक कंटाळून ठासणीवरच परत येणार, असा माझा अंदाज आहे. तूदाला सांगितला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

१२ ऑक्टोबर
स्वारांचे म्होरके, मुकद्दम बाज्जू आले. मिशा अशा की बंदूक शोभेला. त्यांच्या नळीवर मी केस वाळवायचं यंत्र, मिक्सरचं भांडं आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी चिकटपट्टीने बसवून दाखवली.
मुकद्दम म्हणाले, मास्तर, ही माझ्या आजोबांची बंदूक आहे. तिला न्हाव्याचं दुकान कशाला केलंत?
म्हटलं, हे भविष्य आहे. म्हणाले, बरं झालं, मी म्हातारा आहे.
इत्तो सकाळपासून मिक्सर शोधतेय. बायकोला कलेत रस नाही.

१४ ऑक्टोबर
बंदुकीतून काहीतरी निघायला हवं, नाहीतर ती नुसती नळी. मराकेशच्या बाजारातून हिरवे लेझर मागवले. प्रत्येक बंदुकीला एक, चापाच्या जागी बटण. घरी चाचणी घेतली. सुरक्षा म्हणून लग्नातला काळा चष्मा लावला. इत्तो चहा घेऊन आली, किरण तिच्या चकचकीत तबकावर आपटला आणि थेट माझ्या डोळ्यात. अजून जिकडेतिकडे हिरवा ठिपका दिसतोय.
इत्तो म्हणाली, अहो शस्त्रतज्ज्ञ, शत्रूला मारणार की स्वतःलाच? डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं, ठिपका जाईल. मी नशिबाला अनुभव म्हणतो.

१५ ऑक्टोबर
तूदाला कळलं. इत्तोनेच सांगितलं असणार. तूदा तावातावाने आली, म्हणाली, या लेझरवर लिहिलंय एक, ताकद भलतीच. माणसाचा डोळा जाईल, घोड्याचा जाईल, आणि कॅमेऱ्यावर पडला तर कॅमेराही आंधळा होईल. किरण नंतर कॉम्प्युटरवर काढतील. बॅटऱ्या आजच्या आज काढा, मामा.
काढतो म्हटलं.
मनाने काढल्या. पण स्वाराला स्वतःचा किरण दिसला नाही तर त्याच्या चेहऱ्यावर भाव कुठून येणार? कॉम्प्युटर भाव काढतो का?

१९ ऑक्टोबर
दिग्दर्शक डेन्मार्कचा आहे, मऊ बोलतो. त्याला गोळीबार विस्कळीत हवा: ज्याने त्याने आपल्या मनाने, मागेपुढे. मी म्हटलं, होऊन जाईल.
मुकद्दमांना सांगितलं तर त्यांचा चेहरा लाल. म्हणाले, घोडे एका रांगेत सोडायचे, मैदानाच्या टोकाला पंचांसमोर सगळ्यांनी एकदम बार काढायचा, आणि बार एकच ऐकू यायला हवा, ही तबुरीदा. मागेपुढे वाजली की गावात तोंड दाखवता येत नाही. माझ्या पोरांना फुटाणे फोडायला सांगताय?
म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.
दोन्ही बाजू खूश. प्रमुखाला हेच जमावं लागतं.

२० ऑक्टोबर, सकाळ
तूदाने प्रत्येक नळीत गज घालून बघितलं. तीन बंदुकांत दारू ठासलेली निघाली. मुकद्दम म्हणाले, रिकामी बंदूक घेऊन घोड्यावर बसायचं म्हणजे लग्नाला अनवाणी जायचं. तूदाने सगळी दारू काढून ओतायला लावली. सी उम्गारांनी विचारलं, इद्दर, तू तपासल्या होत्यास ना? म्हटलं, वरवर.
तूदाने बॅटऱ्यांचंही विचारलं. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? घरातलं माणूस म्हणून तिने बॅटऱ्या उघडून बघितल्या नाहीत.

त्याच दिवशी, दुपार
शॉट झाला. काय रांग! काय धूळ! पंच बसतात त्या टोकाला आज कॅमेरा होता. मुकद्दमांनी आरोळी दिली आणि सगळी बटणं एकाच क्षणी दाबली गेली. हिरव्या किरणांची अख्खी मोळी कॅमेऱ्यात. इतका एकजीव बार आयुष्यात पाहिला नाही. मी टाळ्या वाजवल्या.
एकट्यानेच.
कॅमेरामन बाजूच्या पडद्यावर बघत होता म्हणून त्याचे डोळे वाचले. कॅमेऱ्याचे गेले. आता त्यात आकाश, माणूस, उंट, काहीही बघा, मधून हिरव्या रेघा. दिग्दर्शक पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. डॅनिश मला येत नाही, त्यामुळे कौतुकाची शक्यता मी सोडलेली नाही.
तूदा ओरडली नाही. खाली बसून एकेका बंदुकीची बॅटरी काढत होती. एवढंच म्हणाली, मामा, मी तुम्हाला विचारलं होतं.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर
तूदा प्रमुख. सी उम्गारांनी मिठाई वाटल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. मला कुठल्याही हत्याराला हात लावायची बंदी, लाकडीसुद्धा. इत्तोला म्हटलं, मलाच ती जागा नको होती, जबाबदारी फार. ती म्हणाली, हो, दिसली.

२ नोव्हेंबर
अभिनयात पदार्पण! लढाईनंतरचं प्रेत. वाळूत पालथं पडायचं, मागून घोडे जाणार. तूदा स्वतः येऊन जागा दाखवून गेली. म्हणाली, मामा, काहीही करायचं नाही. हलायचं नाही, कुणाला काही सुचवायचं नाही.
पडलो. शॉट पहिल्याच फटक्यात ओके.
सी उम्गार जवळ येऊन म्हणाले, शाब्बास इद्दर. इतक्या वर्षांत तुझं हे पहिलं काम, ज्यात एक चूक नाही.