सिंगापूर की डेन्मार्क

घुग्घुस. रविवार, संध्याकाळ.

आज दोन्ही पोरं एकदम व्हिडिओ कॉलवर आली आणि भांडत बसली. कोणता देश चांगला? सुनील म्हणे, सिंगापुरात नळाचं पाणी तसंच पितात. वैशाली म्हणे, डेन्मार्कची हवा इतकी साफ, की खोकला काय असतो तेच विसरली मी.

इकडे बाजूला यांचा खोकला थांबत नव्हता. सकाळीच धुतलेली चादर मी झटकत होते, खाणीतल्या कोळशाची धूळ काही निघेना. पोरांना दिसत नव्हतं काय? चादर काळी, बाप खोकतो आहे, आणि पोरांचं आपलं डेन्मार्क!

शेवटी चादर ठेवली, फोन हातात घेतला आणि म्हटलं, "डॉक्टर म्हणते, बाबाले या धुळीतून हलवा. मंग कोणाकडे येऊ आमी?"



"आई, इथी घर लहान पडते," सुनील म्हणाला.

"बाबाले इथली थंडी नाई सोसणार," वैशाली म्हणाली. "दादा बरोबर बोलून राह्यला. तुमाले तिथंच करमते."

इतका वेळ भांडले, आणि एकमत झालं ते यावर.

यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "दोन्ही देश चांगलेच हायेत पोरंहो, सुखानं राहा," म्हणाले आणि बंद केला.

परत कोणाचाच फोन आला नाही.