खोक्यावर केक लिहिलंय

१ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, असं लिहायला हात आपोआप वळला होता, पण सध्या मी एकटाच खुशाल आहे. तुझी भावजय काल तिच्या बहिणीकडे निघून गेली. रागावून नव्हे, ठरवून.

झालंय असं की, बावीस तारखेला, रविवारी, चिमी चार वाजता चहाला घरी येणार आहे. दोन वर्षांनी! तिच्या आईनं फोनवर तिची मनधरणी केली आणि मला बजावलं की, लेक तुमच्यावर रुसलीय, तर तुमचं तुम्ही निस्तरा, मी मध्ये नको. वर अट घातली की, चहाबरोबर काहीतरी स्वतःच्या हातानं केलेलं हवं, दुकानातलं आणलंत तर मला कळेल. आता सांग, जन्मभर पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहिलेला माणूस मी. मला अख्खा पंप खोलता येतो, अंडं फोडता येत नाही.

चिमी एवढी का रुसली हे मला अजून नीट कळलेलं नाही. माझा हेतू मदतीचाच होता. पण चारला आलेली मुलगी सव्वाचारला उठून गेली, तर पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, एवढं मात्र मला कळतं. त्या विचारानं घास गोड लागत नाही. ओव्हन आहे घरात, त्यात सध्या जुन्या ताटल्या राहतात. काहीतरी सोपं सुचव.

गुडघ्याला जप, आणि भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
छोटू

*

५ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अ. उ. आ.

चिमी का रुसली ते कळलं नाही म्हणतोस? धन्य आहे बाबा तुझी! पोरीचा संसार मोडला, बॅग घेऊन रडत रडत तुझ्या दारात आली, आणि तू तिच्या पाठीवर हात ठेवायचं सोडून तिला टाईप केलेला तक्ता दिलास. बिघाड, संभाव्य कारण, उपाय. आणि कारणाच्या रकान्यात पहिल्याच ओळीला काय, तर ‘वापरणाऱ्याची चूक’! अरे, लेक आहे ती, पंप नव्हे. त्या वेळी मी समोर असते तर तुझे कान उपटले असते. साठी उलटली म्हणून सोडलं नसतं.

असो. खाण्याचं म्हणशील तर केक मिक्सचं एक खोकं आण आणि त्याच्या कुकीज कर. त्यात दोन अंडी आणि अर्धी वाटी तेल घाल, बस्स. पाणी नाही, दूध नाही, फेटाफेटी नाही. चमच्यानं कालवलंस की घट्ट गोळा होतो. त्याचे लिंबापेक्षा लहान गोळे करून ट्रेमध्ये लांब लांब ठेव आणि दहाबारा मिनिटं भाज. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरू नकोस, गार झाल्या की धरतात. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळायचे तेव्हा शंभर पोरींना ह्याच खिलवल्या. कुणालाही जमतात. तुलासुद्धा जमतील.

पोटभर जेव. माझा आशीर्वाद आहेच, अक्कल मात्र तुझी तू वापर.

तुझी,
अक्का

*

९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

खोकं आणलं आणि तिथंच घोडं अडलं. खोक्यावर केक लिहिलंय. चित्रही केकचंच आहे. मागे स्वच्छ छापलंय की तीन अंडी आणि एक कप पाणी. तू म्हणतेस दोन अंडी, आणि पाणी मुळीच नाही. अक्का, तुझ्यावर माझा अविश्वास नाही, पण छापील सूचनेविरुद्ध मी आजवर काहीही केलेलं नाही. बाटलीवर ‘हलवून घ्यावे’ लिहिलेलं असलं, तर शेवटचा थेंबसुद्धा मी हलवून घेतो.

म्हणून खोक्यावरच्या नंबरावर फोन लावला. एका मुलीनं उचलला. तुमच्या केकच्या कुकीज करायला परवानगी हवी, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली की, काका, तुम्हाला हवं ते करा. हे लेखी मिळेल का, असं विचारल्यावर तिनं फोन तिच्या साहेबाकडे दिला, आणि साहेबानं मी दुसऱ्या कंपनीचा माणूस आहे का अशी चौकशी करून फोन ठेवून दिला.

शेवटी मीच मार्ग काढला. कुकीजची नवी सूचना टाईप केली, छापून आणली आणि खोक्याच्या पाठीवर चिकटवली. आता तीच छापील झाली, म्हणजे बिनधास्त पाळता येईल. सगळा मजकूर नव्यानं लिहायचा कंटाळा आला, म्हणून पंपाच्या जुन्या पुस्तकाचा साचा घेतला आणि जिथं पंप तिथं कुकी केलं. जिवात जीव आला बघ.

तुझा लोभ आहे तोवर मला कुठल्याही साहेबाची भीती नाही.

तुझा,
छोटू

*

१३ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की गुडघा पुन्हा दुखायला लागला. शेजारीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला काही झालं.

आता एक नीट ऐक. चिमी काही कुकीज खायला येत नाहीये. ती बोलायला लागली की तू तोंडाला कुलूप लाव. मध्ये मध्ये करू नकोस, शहाणपण शिकवू नकोस. पण हे तुला सांगून काय उपयोग? तू पडलास छापील ऐकणारा, आणि मी बापडी हातानं लिहिते.

तरी जीव तुटतो म्हणून लिहिलं, गोड मानून घे.

तुझी,
अक्का

*

१८ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पहिली चाचणी झाली. तुला सगळं खरं सांगतो, हसू नकोस.

चिकटवलेल्या कागदावर पहिली सूचना होती की, यंत्र पक्क्या पायावर बसवून बोल्टनं आवळावे. तेव्हा ओव्हन ओट्याला बोल्टनं आवळला. ओट्याला भोकं पाडावी लागली, पण आता भूकंप झाला तरी तो हलायचा नाही. पुढे होतं की जोडणी जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. म्हणून खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. वायरचं काहीच काम नाही, नुसती अंडी फोडायची आहेत, हे कळल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पण भला माणूस, दोन्ही अंडी फोडून गेला. मग पहिल्या वापराआधी रिकामे चालवून आवाज ऐकावा, असं होतं. रिकामा ट्रे भाजला. आवाज समाधानकारक होता.

घात झाला तो पुढच्या ओळीनं. सुरू करण्यापूर्वी पाणी भरून आतली हवा काढावी! ही ओळ साच्यातून काढायची माझ्या नजरेतून सुटली होती. तू पाणी नको म्हणाली होतीस ते आठवत होतं गं, पण समोर छापलेलं दिसत होतं. पाणी भरलं.

केक झाला, अक्का. खोक्यावरच्या चित्रासारखा हुबेहूब, उत्तम फुगलेला केक. मी डोक्याला हात लावून बसलो. इलेक्ट्रिशियननं तो आनंदानं घरी नेला आणि पुन्हा काही बिघडलं तर हाक मारा म्हणाला.

नवीन खोकं आणलंय, सुधारलेली आवृत्ती छापायला टाकलीय. तोंडाला कुलूप लावायचं तू लिहिलंस ते चार वेळा वाचलं. पटतं, पण ऐन वेळी माझ्याच्यानं होईल का ही धास्ती आहे. चिमीला रडताना बघितलं की माझं डोकं लगेच कारणं शोधायला लागतं, त्याला मी काय करू? विचार करतोय.

रविवारी मनातल्या मनात माझ्या पाठीशी उभी राहा.

तुझा,
छोटू

*

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू वाट बघत असशील म्हणून लगेच लिहायला बसले. मी रविवारी गेले ती चहा पिऊन निघायचं ठरवूनच. खांद्यावरची पर्ससुद्धा काढायची नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं.

बाबांनी दार उघडलं. चष्म्याला पीठ लागलेलं. ये म्हणाले, आणि त्यापुढे एक अक्षर नाही. मी स्वयंपाकघरात डोकावले तर ओव्हन ओट्याला बोल्टनं आवळलेला! मला हसू आवरेना. त्या घरात मी परत कधी हसेन असं वाटलं नव्हतं. कुकीज खरंच छान झाल्या होत्या गं, कडा जरा करकरीत, आत मऊ. मी तीन खाल्ल्या.

पण बाबा माझ्याकडे बघेचनात. दर मिनिटाला ते केकचं खोकं उचलायचे, मागची बाजू वाचायचे, खाली ठेवायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांनी लेक समोर बसलीय आणि हा माणूस खोकं वाचतोय! मी ते त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं.

मागे त्यांनी कागद चिकटवला होता. अंडी, तेल, भाजणं, सगळं ओळीनं. त्याच्या खाली ठळक अक्षरांत होतं, ‘वाढल्यानंतर घ्यावयाची काळजी’. पाहुणी बोलत असताना मध्ये बोलू नये. कारणे शोधू नयेत. उपाय सुचवू नयेत. ती रडल्यास पेन उचलू नये. उठून जाऊ लागल्यास अडवू नये, परंतु पुन्हा ये असे जरूर म्हणावे.

मी वाचत होते आणि बाबा कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे भिंतीकडे बघत बसले होते. मी पर्स काढून खुर्चीला अडकवली.

मग मी बोलले, आत्या. सासरी काय काय झालं, तिथून मी का निघाले, नंतर एकटीनं कसे दिवस काढले, सगळं. आईलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मधे दोनदा बाबांचं तोंड उघडलं, नजर खोक्याकडे गेली, तोंड मिटलं. चहा कधीच गार झाला होता.

शेवटी मीच विचारलं की, बाबा, आता मी पुढे काय करू? त्यांनी खोकं उचललं. मागून वाचलं, पुढून बघितलं, दोन्ही कडा बघितल्या, उलटं करून तळसुद्धा बघितला. ह्याबद्दल कुठंच काही छापलेलं नव्हतं. त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि म्हणाले की, मला माहीत नाही गं चिमे. आणि रडायलाच लागले.

बाबांना एखादी गोष्ट माहीत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढून बसले. मलाही माहीत नाही, असं त्यांना सांगितलं.

तुझ्या तब्येतीचं सविस्तर कळव, आणि पत्र बाबांच्याच पत्त्यावर टाक. काही दिवस मी इथंच आहे.

तुझ्या मायेतली,
चिमी