हळदीआधीची पाठ

१२ एप्रिल

बबिताचा फोन. धाकटी बहीण, पण माझ्या लग्नाचा सगळा कारभार तिच्याकडंच. म्हणाली, "दादा, फोटोवाला हळदीलाच बोलावलाय. अंगात काही घालायचं न्हाई. उघड्या अंगाला हळद लागली की फोटो लई भारी येतेत."

बरं म्हणालो. फोन ठेवला आणि शर्ट काढून आरशात पाठ बघितली.

माझ्या पाठीवर केस आहेत. थोडेथोडके नाहीत — मानेपासून कमरेपर्यंत, खांद्यावर, छातीवर, काळे, दाट. शाळेत अस्वल म्हणायचे. तेव्हापासून विहिरीत पोहायला गेलो नाही. तेलगावला खत-बियाण्याच्या दुकानात कामाला आहे, पोती उचलताना घामानं निथळतो, पण वरचं बटण उघडत नाही. आणि आता चार मेला पाटावर उघडं बसायचं. सगळ्या गावासमोर. धारूरहून सुकन्याची माणसंही येणार. नवरीकडची!

काढायचे. कसे ते बघू.

१४ एप्रिल

ब्लेड. घरात कुणी नाही बघून न्हाणीला कडी लावली. छाती झाली, पोट झालं, खांदे कसेबसे. पाठीला हात पोचत नाही. आरसा मागं धरला तर ब्लेड कुठल्या हातानं धरू?

कापलं बऱ्याच ठिकाणी. शर्टाला रक्ताचे ठिपके. मायला सांगितलं, बाभळीचा काटा ओरखडला.

"छातीला?" ती म्हणाली. आणि शर्ट धुवायला घेतला.

१६ एप्रिल

खुंट आलेत. बनियन अडकते. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर खाजवत उभा. ब्लेड बाद.

२० एप्रिल

क्रीम. तेलगावात नको, आमच्या गावात, दिंद्रुडात तर नकोच — माजलगावला गेलतो. मेडिकलवाला म्हणाला, "मिसेसला का?" मी मान डोलावली. लग्नाआधीच सुकन्याच्या नावावर खोटं बोललो.

वास जळक्या लोकरीसारखा. माय बाहेरून, "काय जळतंय रं?" काही न्हाई म्हणालो. हात पोचला तिथवर लावली. केस जाड म्हणून जास्त वेळ ठेवली. पुसली तर केस गेले, ब्लेडपेक्षा साफ गेले. पण त्यांच्याबरोबर खांद्याची कातडीही सोलली. आता पालथंच झोपावं लागतंय.

आणि पाठ आहे तशीच.

२४ एप्रिल

माजलगावच्या एका सलूनमध्ये वॅक्स. आधी फोनवर विचारलं होतं, कारागीर हसला नाही म्हणून गेलो. गरम मेण पाठीवर पसरलं, वर कापडाची पट्टी दाबली आणि ओढली. डोळ्यांतून पाणी आलं. पण कमरेवर हात नेऊन पाहिला — गुळगुळीत. दुखतं, तरी हेच खरं, असं वाटलं.

अर्धी पाठ झाली आणि दार ढकलून शहादेव आत आला. आमच्याच गावचा, शाळेत माझ्या वर्गात होता. अस्वल हे नाव त्यानंच पाडलेलं. बघत राहिला. मग म्हणाला, "काय बे पर्म्या, नवरी तू हायस का ती?"

मी शर्ट घातला आणि निघालो. कारागीर मागून ओरडत होता, "अहो, अर्धंच झालंय." पाठीवर मेण तसंच. शर्ट चिकटला.

२६ एप्रिल

गावात कळलंय. चहाच्या टपरीवर गेलो की कुणीतरी मेंढरासारखं बें करतं.

एक बाजू गुळगुळीत, एक बाजू केसाळ. आधीचं बरं होतं.

२९ एप्रिल

सुकन्याचा फोन. "तुमी कावून गप गप झालाव? माझं काही चुकलं का?"

"दुकानात गर्दी हाय," म्हणालो. एक गिऱ्हाईक नव्हतं. तिचा आवाज पडला. काय सांगायचं तिला?

मायला म्हणालो, हळदीला बनियन घालतो. "बनियनीला हळद लावतेत व्हय? लोक म्हणतील, पोराच्या अंगावर काही डागबिग हाय."

२ मे

आज वडलांनी, आबांनी, घरची मेंढरं भादरायला काढली, लोकर कातरायला. दुकानातून सुट्टी घेतली होती, मी मदतीला. दुपारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा आबा म्हणाले, "शर्ट काढ."

म्हणजे त्यांच्याही कानावर गेलं होतं.

काढला. ते मागं येऊन वाकले. मग, "हे कुणी केलं?"

"मीच."

त्यांनी लोकरीची कातर धुतली, पुसली. डाव्या तळव्यानं माझी कातडी ताणून धरली, मेंढराची धरतात तशी, आणि उरलेले केस कातरत खाली आले. सोललेल्या जागेला पातं लागू दिलं नाही. कातर गार होती. लहानपणानंतर माझ्या पाठीवरून घरातल्या कुणाचा हात फिरला नव्हता. मीच फिरू दिला नव्हता.

काम झाल्यावर म्हणाले, "माझ्यावर गेलास तू. माझ्या बापाची पाठबी अशीच. तुला लाज कशाची वाटती, परमेश्वर? आमची का?"

न्हाई म्हणायला पाहिजे होतं. मी खाली बघून बटणं लावत बसलो.

४ मे

हळद झाली. शहादेव आलता, माझी पाठ बघितली आणि जेवायला निघून गेला. सोललेल्या खांद्यावर हळद चरचरली. फोटो भारी आले म्हणे.

आबांनी शर्ट काढला नाही. चुलतभावाच्या हळदीत हेच आबा उघड्या अंगानं हलगीपुढं नाचलेले — छातीवरचे केस सगळे पिवळे. आज गळ्यापर्यंत बटणं लावून मंडपाच्या कडेला उभे, घामानं भिजलेले. बायका हळद घेऊन गेल्या तर नुसते गाल पुढं केले. "आज पोराचा दिवस हाय," म्हणाले.

मला पाटावर बसवेना. अस्वल म्हणायचे तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

५ मे

लग्न लागलं. आबांकडं बघितलं नाही.

७ मे

सकाळी अंगणात टाकीपाशी आबा शर्ट घालूनच अंगावर पाणी घेत होते. मला बघून म्हणाले, "सूनबाई उठली असंल." मी माझा शर्ट काढून दोरीवर टाकला. सगळीकडं खुंट वर आलेले, मधेमधे लाल डाग. त्यांच्यापुढं दगडावर बसलो. म्हणालो, "आबा, पाठ घासून द्या. मग तुमची मी घासतो."

मागं ओला शर्ट पिळल्याचा आवाज आला.

सुकन्या दारात उभी होती. आमच्या दोघांच्या पाठी तिच्याकडं. म्हणाली, "अजून गरम पाणी आणू का?"