फिरता घोडा

३ सप्टेंबर
लेथवाल्याने दोन्ही पाइप कापून दिले. एकात दुसरा घातला — फिरतो! पुढे टेकूला एक लोखंडी घोडा, मागे एक, मधे गाडीचा सांगाडा टांगायचा. हवा तसा कुशीवर करा, उताणा करा, तळाचा गंज उभ्याउभ्या खरवडा. गाडीखाली झोपायलाच नको. हा आधी केला असता तर जॅक सटकून ती यांच्या कमरेवर आली नसती.

सासूबाई म्हणाल्या, "अजून दारात ठेवलीयस ती अवदसा?" यांच्या हातची शेवटची गाडी आहे. भंगारात कशी देऊ?

५ सप्टेंबर
यांचा पलंग मुद्दाम खिडकीला लावला. समोरच शेड. पण यांना तोंड भिंतीकडेच हवं. मी नाहीतर सासूबाई कूस बदलून देतो, तेवढंच. अक्षर बोलत नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हात धडधाकट आहेत त्यांचे. मनात आणलं तर आपले आपण वळतील."

मनात आणलं तर!

९ सप्टेंबर
काही काम नाही. चादरी धुतल्या. रडले.

१२ सप्टेंबर
वेल्डिंग मला यांनीच शिकवलं. तेव्हा चिडवायचे — "हा जोड आहे की उंटाची पाठ?" आज घोड्याचा शेवटचा जोड इतका सुरेख बसला की खिडकीशी जाऊन ओरडून सांगितलं. पाठ हलली नाही. कुणासाठी करतेय मी हे सगळं?

१६ सप्टेंबर
वजन कमी व्हावं म्हणून चारही दारं उतरवली. दारांखालच्या सडलेल्या पट्ट्या कापल्या. लेथवाल्याच्या मदतीने सांगाडा घोड्यावर चढवला आणि फिरवला. अर्ध्यावर कर्रर्र — मधोमध वाकला! दार लावून पाहिलं, चौकटीत बसेचना. लेथवाला मान हलवत म्हणाला, "वहिनी, आता भंगारच."

घोडा ठणठणीत उभा आहे आणि गाडी गेली. माझ्याच हाताने होत्याचं नव्हतं केलं. ना गाडी सावरता आली, ना माणूस. सासूबाई म्हणत होत्या तेच खरं. यांना सांगायचा तरी प्रश्न नाही, विचारतंय कोण? उद्या भंगारवाल्याला बोलावते.

१७ सप्टेंबर
सकाळी यांना भिंतीकडे वळवून शेडमध्ये आले. भंगारवाला सांगाड्यावर टकटक करून बघत होता, तेवढ्यात खिडकीतून गर्जना —

"अक्कल गहाण टाकलीस का गं? दारं काढायच्या आधी चौकटीत आडव्या नळ्या मारतात, नाहीतर वाकणारच! आणि त्याला सांग, हात लावायचा नाही गाडीला!"

गजांपाशी यांचा चेहरा. रागाने लालबुंद.

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. यांची कूस बदलून देणारं तिसरं कुणी घरात नव्हतं.